ढवळी आणि बांडी : आमच्या घरचे गिनीपिग



'माझा आवडता प्राणी' असा निबंध सांगितला की आपल्या वर्गात कुणी बैल लिहितं, कुणी म्हैस, तर कुणी कुत्रा. कोल्हापूरकरांना जनावरांचं वेड जुनंच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी तर शिकारीसाठी चित्ते पाळले होते. मी मात्र आज तुम्हांला अशा एका प्राण्याची माहिती सांगणार आहे, जो दूध देत नाही, राखण करत नाही आणि नांगरालाही चालत नाही. तो खातो, खेळतो आणि शिट्टी मारतो. त्याचे नाव गिनीपिग.

मागच्या दिवाळीत मामा आला तो पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन. खोक्याला भोकं पाडली होती. आज्जीनं आत डोकावून बघितलं आणि एकदम मागं सरली.

"अवो पाव्हणं, उंदरं आणलीसा व्हय? आणि ह्यांची शेपटं कुठं गेली?"

मामा हसला. आई म्हणाली, "माझ्या सैपाकघरात पाऊल टाकायचं नाही त्यांनी." पण आत दोन गोळे एकमेकांना चिकटून थरथरत होते. त्यातला एक माझ्याकडे बघून नाक हलवू लागला, आणि मी त्याच क्षणी ठरवलं की हे आपल्याकडेच राहणार.

दोन्ही माद्या. एक दुधासारखी पांढरी, तिचं नाव ढवळी. दुसरी पांढऱ्यावर काळे-तांबडे ठिपके असलेली, तिचं नाव बांडी. गोठ्यातल्या गाईंना ठेवतात तशीच नावं आज्जीनं ठेवली.

नाव एक, गाव भलतेच

गिनी हा आफ्रिकेतला देश आणि पिग म्हणजे डुक्कर. पण हा प्राणी गिनी देशातला नाही आणि डुकराच्या जातीचाही नाही. हे नाव त्याला का पडले, याबद्दल जाणकारांचे अजून एकमत नाही. त्याचे खरे गाव दक्षिण अमेरिका. तिथल्या अँडीज पर्वतात, पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांत, काही हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला पाळायला सुरुवात केली. तिथे त्याला 'कुई' म्हणतात. आपण कोंबड्या पाळतो तसे तिथले शेतकरी आजही घरात कुई पाळतात, आणि खातातही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तिथे तो मुलांचा लाडका झाला.

तो कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातला आहे, म्हणून आज्जीचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. पण उंदरापेक्षा आपल्या सह्याद्रीतला साळिंदर त्याचा जवळचा नातलग! मोठा गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतो. पुढच्या पायांना चार-चार बोटं आणि मागच्या पायांना तीन-तीन. तोंडात २० दात, आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. म्हणून त्याला सतत गवत चघळावे लागते. चघळले नाही तर दात वाढून तोंड मिटेनासे होते.

उंदराची पिल्ले जन्मतात तेव्हा उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली असतात. गिनीपिगचे पिल्लू सुमारे दोन महिने, कधी थोडे जास्त दिवस, आईच्या पोटात राहते. ते बाहेर येते तेच अंगावर केस, डोळे उघडे आणि तोंडात दात घेऊन! काही तासांतच ते तुरुतुरु पळते आणि दूध पीत असतानाच गवतही चाखून बघते. वासरू जन्मल्यावर लगेच धडपडत उभे राहते, तसाच हा प्रकार.

लाह्या फुटतात तेव्हा

आता खरी गंमत सांगते. पहिले चार दिवस ढवळी आणि बांडी मडक्यातून बाहेरच आल्या नाहीत. (आम्ही एक मडकं आडवं ठेवलं होतं, तेच त्यांचं घर.) पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी उसाचं कोवळं वाडं बारीक तोडून टाकलं. बांडी बाहेर आली, दोन घास खाल्ले आणि एकाएकी चारी पायांवर हवेत उडाली! खाली आली, तोंड वळवलं, पुन्हा उडाली. मी घाबरून ओरडले, "आई, बांडीला फिट आली!"

ती फिट नव्हती. नागपंचमीला लाह्या भाजताना बघितलंय ना? दाणा पातेल्यात गप्प बसलेला असतो आणि अचानक टुण्णकन उडतो. गिनीपिगला आनंद झाला की तो तसाच उडतो. अंगाला मध्येच हिसडा, मागचे पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे. पोरासोरांत हा खेळ जास्त, पण मोठे गिनीपिगही उडतात. इंग्रजीतही या उडीला लाह्यांवरूनच नाव दिलेले आहे. आमच्या घरात "बांडीच्या लाह्या फुटल्या" असं म्हणायची पद्धतच पडली. मग आज्जीसुद्धा जपमाळ घेऊन तिथंच येऊन बसू लागली. "मी काय तुमची उंदरं बघाय आली न्हाई, वाऱ्याला बसलोय," असं म्हणायची आणि हसायची.

त्यांची बोली

गिनीपिगला माणसासारखे बोलता येत नाही, पण तो मुकाही नसतो. बाईंनी मला निरीक्षण वही करायला सांगितली होती. त्यातलं थोडं लिहिते.

वीक, वीक, वीक : ही मोठी शिट्टी. अर्थ, "खायला आणा!" ही शिट्टी ते बहुतेक माणसांनाच मारतात. आमच्या घरी आई विळीवर कोथिंबीर चिरायला बसली, की विळीच्या नुसत्या आवाजाला दोघी शिट्ट्या मारायच्या. आईनं वांगी चिरली तरी शिट्ट्या! त्यांना काय ठाऊक आज भाजी कसली आहे?

गुर्रर्र : जाड आवाजात, अंग हलवत केलेली गुरगुर. एकीला दुसरीवर रुबाब दाखवायचा असतो तेव्हा ऐकू येते.

दात कडकड वाजवणे : हा राग. तेव्हा हात लावू नये.

जागच्या जागी थिजणे : ही भीती. घार ओरडली किंवा पातेलं पडलं की दोघी दगडासारख्या बसतात. डोळ्यांची पापणीही हलत नाही. रानात शत्रूच्या नजरेतून सुटायची हीच युक्ती.

नाकाला नाक लावणे : "काय, बरं आहे ना?" असा नमस्कार.

एकामागे एक चालणे : पुढे ढवळी, मागे बांडी, जणू वारीला निघाल्यात. पिल्लं असली तर तीही रांगेत.

आणखी एक गोष्ट लिहायला थोडी लाज वाटते, पण बाई म्हणाल्या, शास्त्रात लाज नसते. गिनीपिग आपल्या काही मऊ लेंड्या पुन्हा खातो. ही घाण नव्हे. पहिल्यांदा गवत नीट पचत नाही, म्हणून त्यातले सत्त्व तो दुसऱ्यांदा घेतो. गाय रवंथ करते, त्याचा हेतू हाच. रीत मात्र वेगळी.

माझी चूक

वहीत मी रोज संध्याकाळी वैरण टाकल्यावर दहा मिनिटांत बांडीच्या किती उड्या झाल्या ते लिहीत होते. मार्च-एप्रिलची ती पानं अशी आहेत :

१५ मार्च : ६ उड्या
१ एप्रिल : ४ उड्या
१० एप्रिल : १ उडी
१८ एप्रिल : ० उडी

आणि १८ तारखेपुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय, "बांडी आता मोठी झाली. समजूतदार झाली."

ती समजूतदार झाली नव्हती. आजारी होती.

झालं होतं असं. मार्चमध्ये साखर कारखान्याचा हंगाम संपला आणि वाडं बंद झालं. बांधावरचं गवत वाळून गेलं. कोथिंबीर महागली म्हणून आईनं ती फक्त आमटीपुरती आणायला सुरुवात केली. माझी वार्षिक परीक्षा तोंडावर आली. मी मनाशी म्हटलं, कुरतडणारा प्राणी आहे, धान्य खाईलच की. मग मक्याचा भरडा, भाकरीचा तुकडा आणि वाळलेलं पिंजर एवढंच घालत राहिले. पोट भरत होतं, पण अंगाला लागत नव्हतं.

एका सकाळी शिट्टी एकटीचीच ऐकू आली. बांडी मडक्यात बसून होती. उचलली तर कळवळली. चालताना मागचा पाय ओढत होती. बाबांनी तिला पिशवीत घेतलं आणि आम्ही शेजारच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं बाकावर म्हशीवाले, शेळीवाले बसले होते. आमची पिशवी बघून एकजण म्हणाला, "उंदराला दवाखान्यात आणलंय बघा!" सगळे हसले. मला रडू आलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बांडीचा गुडघा दाबून बघितला, हिरड्या बघितल्या आणि तिला काट्यावर ठेवलं. फाल्गुनात किराणा दुकानात वजन केलं तेव्हा ती ८१० ग्रॅम भरली होती. आता ६६० भरली.

"हिरवं काय घालता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी खाली बघितलं. बाबाही काही बोलले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "शेळी, गाय, कुत्रा, मांजर, सगळी आपल्या अंगातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही. ते रोज खाण्यातूनच मिळायला हवं. नाही मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही होतो. हिरड्या सुजतात, सांधे दुखतात, आतल्या आत रक्त येतं. आता सांग, सांधे दुखत असताना उड्या कोण मारेल?"

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. उड्या कमी होत गेल्या तेव्हाच बांडी मला सांगत होती. मी ते रोज वहीत लिहून घेत होते आणि वाचत मात्र नव्हते.

डॉक्टरांनी क जीवनसत्त्वाचे थेंब दिले. घरी आल्यावर आज्जी काही बोलली नाही. तिनं फुटक्या घमेल्यात माती भरली, धने रगडून पेरले आणि रोज भाजी धुतलेलं पाणी त्यात ओतायला लागली. कोथिंबीर उगवेपर्यंत शेजारच्या काकूंच्या झाडाचा शेवग्याचा पाला आणि बाजारातली ढबू मिरची. ढवळीही थोडी मंदावली होती, ती चार दिवसांत सुधारली. बांडीला वेळ लागला. आठ दिवसांनी ती नीट चालू लागली.

२ मे : १ उडी. एवढीशीच होती, पण होती.
२० मे : ५ उड्या.

त्या दिवशी आज्जी म्हणाली, "फुटली गं लाही!" आणि मी त्या पानावर दुसरं काहीच लिहिलं नाही.

आपल्यावर त्यांचे उपकार

शाळा उघडल्यावर मी बाईंना वही दाखवली. बाईंनी एक गोष्ट सांगितली. पूर्वी दूरच्या प्रवासाला जाणारे खलाशी स्कर्व्हीने मरत. ताजी फळं खाल्ली की बरं वाटतं एवढंच ठाऊक होतं, कारण नीट कळत नव्हतं. १९०७ साली नॉर्वे देशात होल्स्ट आणि फ्रोलिच या दोन शास्त्रज्ञांनी गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं. त्यांना स्कर्व्ही झाला. ताजा भाजीपाला, फळांचा रस दिल्यावर तो टळला. उंदरावर हा प्रयोग करून काही कळलं नसतं, कारण उंदीर हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करतो. म्हणजे मी नकळत जे केलं, तेच त्यांनी जाणून केलं होतं.

बाई म्हणाल्या, "आता आपल्या मुंबईची गोष्ट ऐक." १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढे ती गावोगाव पसरली आणि आपल्या कोल्हापुरातही आली. डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण प्लेग माणसाला होतो कसा? हवेतून, घाणीतून, की अन्नातून? उंदरावरच्या पिसवांमुळे तो पसरतो, असं काही शास्त्रज्ञ सांगत होते, पण पुष्कळांना ते पटत नव्हतं.

तेव्हा १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून जोरात तपास सुरू झाला, आणि त्यात गिनीपिग कामाला आले. जिथं प्लेग झाला होता अशा घरांत गिनीपिग सोडले. उंदीर मेल्यामुळे उपाशी राहिलेल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि त्यांतले काही गिनीपिग प्लेगने मेले. मग दोन-दोन पिंजरे ठेवले. एका पिंजऱ्याला पिसूसुद्धा जाणार नाही अशी बारीक जाळी, दुसरा उघडा. हवा दोघांना तीच, घर तेच. जाळीतले गिनीपिग वाचले. उघड्या पिंजऱ्यातल्या काहींना प्लेग झाला. म्हणजे दोष हवेचा नव्हता, पिसवांचा होता! परळच्या त्याच प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. तीच आजची हाफकिन संस्था.

घरी हे सांगितल्यावर आज्जी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझी आज्जी सांगायची, घरात उंदीर मरून पडला की दारं लावून माळावर खोपटात ऱ्हायाला जायाचं. का ते कुणालाच ठावं नव्हतं. ह्या मुक्या जिवांनी जीव देऊन सांगितलं म्हणायचं."

वर्तमानपत्रात कधी कधी लिहितात, "जनतेचा गिनीपिग केला." म्हणजे न विचारता प्रयोगाला धरले. ते वाक्य वाचलं की मला आता बांडी आठवते.

तुम्हांला पाळायचे असतील तर

१. एकटा गिनीपिग झुरतो. दोन ठेवा, पण दोन्ही माद्या. नर-मादी ठेवलीत तर थोड्याच महिन्यांत घरभर पिल्लं होतील.

२. दोघांसाठी निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा हवी. ते चढत नाहीत, पण मांजर, मुंगूस, कुत्रा आणि साप यांच्यापासून जपायला वर जाळी हवीच. तळ सपाट असावा. तारेच्या जाळीवर पाय दुखावतात.

३. खाली स्वच्छ कोरडं पिंजर पसरा आणि ओलं झालं की बदला. पावसाळ्यात ओल फार, तेव्हा रोज बघा.

४. मुख्य आहार गवत, ओलं किंवा वाळलेलं, दिवसभर पुढ्यात असावं. त्याशिवाय रोज थोडी ताजी भाजी : कोथिंबीर, ढबू मिरची, शेवग्याचा पाला, हंगामात पेरूची फोड. बटाटा, कांदा, लसूण, भाकरी-चपाती आणि गोडधोड नको. पाणी नेहमी स्वच्छ हवं.

५. उन्हाळा हा मोठा शत्रू. त्यांना घाम येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सावलीत, वाऱ्याला ठेवा. वर ओलं गोणपाट टाका. आडवं मडकं आत थंड राहतं.

६. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. उंचावरून पडला तर हाड मोडते. खेळून झालं की हात साबणाने धुवा.

७. आजारी पडला तर घरातल्या गोळ्या देऊ नका. पेनिसिलीनसारखं औषध माणसाला चालतं, पण गिनीपिगच्या जिवावर बेततं. डॉक्टरांकडेच न्या. कुणी हसलं तर हसू द्या.

८. गिनीपिग ५ ते ८ वर्षं जगतो. म्हणजे सातवीत आणलात तर बारावीपर्यंत सांभाळायची तयारी हवी. परीक्षा आली तरी त्याची भूक थांबत नाही. हे मी अनुभवानं सांगते.

पालकांना एक विनंती. मुलांनी हट्ट केला म्हणून लगेच आणू नका. आधी महिनाभर रोज न चुकता म्हशीला पाणी दाखवायला किंवा कुंडीला पाणी घालायला सांगा. जमलं तर मग बघा.

आणि मित्रांनो, तुमच्याकडे गिनीपिग नसला तरी शेळी असेल, पाडी असेल, कुत्र्याचं पिल्लू असेल. ते खेळत असेल तेव्हा जरा थांबून बघा. आणि ज्या दिवशी ते खेळणार नाही, त्या दिवशी "शहाणं झालं" असं म्हणू नका. जवळ जाऊन विचारा, काय दुखतंय?

सांगा पाहू!

१. गिनीपिगच्या चारी पायांना मिळून बोटं किती?
२. शेळीला स्कर्व्ही का होत नाही?
३. मुंबईच्या प्रयोगात जाळीतले गिनीपिग का वाचले?
४. तुमच्या घरचा प्राणी आनंदात असला की काय करतो? चार ओळी लिहा आणि भित्तिपत्रकाच्या पेटीत टाका.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखातच आहेत. चौथ्याचे उत्तर तुमच्या अंगणात.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी